सोमवारचा वाढदिवस

माझा वाढदिवस मंगळवारी.
पण मंगळवार दमयंतीच्या मशीनचा,
म्हणून आम्ही तो सोमवारी ओढून घेतला,
अपुरी चादर ओढावी तसा, एका कोपऱ्यानं.

शनिवारी बेळगावात रक्त धुऊन
रविवारी चोर्ल्याच्या घाटानं ती पणजीत उतरली.
मागून मिरजेची फरीदा, आणि मंदाकिनी,
जिला अजूनही वाटतं खिडकीची जागा तिचीच.
मला बावन्नावं लागायला दोन दिवस होते.
फरीदा म्हणाली, "वापरून घे, फुकटचे आहेत."

सकाळी पोदेराचा भोंगा वाजला तेव्हा
दमयंती उठून बसली होती, समोर बाटली.
बाटलीवर मार्करच्या तीन रेघा:
न्याहारी, दुपार, दिवेलागण.
दिवसाचं पाणी एवढंच. चहा त्यातच,
गोळीचा घोटही त्यातच.
मग वसतिगृहात पाढे म्हणायची त्या सुरात
नारळ नाही केळं नाही टोमॅटो नाही बटाटा नाही
मीठ जवळजवळ नाही.
"अगं, मग गोव्यात राहिलं काय?" मंदाकिनी.
"तुम्ही. तुम्ही खा आणि मला सांगा.
नुसतं छान म्हणायचं नाही."

चर्चच्या पायऱ्यांखालच्या कॅफेत
पातळ भाजी आली, पोई आली, बन्स आले.
पन्नास वर्षं खाल्लेली भाजी
मी पहिल्यांदा नीट पाहिली.
म्हटलं, आधी वाफ. मग खोबरं,
तिखटाला दारात थोपवून धरणारं.
पण खिडकी उघडी राहते, तिखट तिकडून येतं.
फरीदानं बन्सचं सांगितलं, जिऱ्यासकट.
मंदाकिनी म्हणाली, "गरम आहे,"
आणि नापास झाली.

दुपारी मार्केटमागच्या खाणावळीत
तिसऱ्या, सुंगटांची करी, किसमूर.
सोलकढीपाशी मी अडले.
"गुलाबी," म्हटलं.
"रंग मला दिसतोय गं."
डोळे मिटून एक घोट घेतला.
एप्रिलात उन्हातून आल्यावर
अनवाणी पाऊल फरशीवर पडतं ना, तसं.
पण घशात.
दमयंतीनं आवंढा गिळला,
त्यात काहीच नव्हतं.

वाढपी, बोर्जीस त्याचं नाव, बराच वेळ बघत होता.
काही न विचारता आत गेला, परत आला
एक मुडदुशी घेऊन, रव्यातली.
"मीठ ना हां बाय, अजिबात ना."
तिनं ती अर्धा तास खाल्ली.
ताटात काटा उरला, कंगव्यासारखा साफ.
"आता मी सांगते," म्हणाली,
"समुद्रातून मीठ काढून घेतल्यावर
जे उरतं, ते."
त्यावर आम्ही कुणी बोललो नाही.
मंदाकिनीनं पापड मोडला, उगाच मोठ्यानं.

संध्याकाळी बेतीची फेरीबोट.
मांडवीवर कसिनोंचे दिवे लागत होते
आणि स्कूटरवाले इंजिन बंद न करता उभे.
फरीदानं लिंबूसोड्याच्या बाटल्या आणल्या,
मंदाकिनीनं चुकीच्या पट्टीत गाणं सुरू केलं,
एक शाळकरी पोरगा हसला.
दमयंतीनं आपली बाटली काढली.
तळाशी शेवटची रेघ शिल्लक.
दिवेलागणीचं पाणी तिनं दिवसभर
तहानेला हात लावू दिला नव्हता.
"तुझ्या नावानं," म्हणाली,
आणि एका दमात रिकामी केली.
चारही बाजूंनी नदी होती.

रात्री त्या गेल्या. बाटली विसरली,
की ठेवली, मी विचारलं नाही.

मंगळवारी, खऱ्या दिवशी, सकाळी
घरात फक्त फ्रिजचा आवाज
आणि आत सेर्रादुराचा एक पेला.
फोन वाजला.
"सुई लागली. चार तास आडवी.
आहे का काही खायला?"
आहे म्हटलं. चमचा घेतला, बसले.
वर बिस्किटाचा भुगा,
करवतीखाली पडतो तसा, त्याच्याखाली
"थांब थांब," ती म्हणाली,
"इतक्या लवकर खाली जाऊ नकोस."